भाव मिळाला की मन बरं होतं म्हणे!

शेतकऱ्यांच्या प्रश्नावरची सभा असली की वाशीम जिल्ह्यात एक वाक्य हमखास टाळ्या घेऊन जातं. ‘शेतकऱ्याले समुपदेशन नाही, सोयाबीनले भाव पाह्यजे!’ वाक्य ठसकेबाज आहे, बोलणाऱ्याची तळमळ खोटी नाही आणि ऐकणाऱ्याच्या घरात मागच्या हंगामाचं सोयाबीन पडून आहे. टाळ्या पडणारच. सभा संपते आणि तेच वाक्य चहाच्या टपरीवर येतं, तिथून सोसायटीच्या बैठकीत, तिथून शाळेच्या स्टाफरूममध्ये. प्रत्येक मुक्कामाला त्याचा अर्थ थोडा बदलत जातो. शेवटी घरी पोचतं तेव्हा एवढाच उरतो: महिनाभर न झोपलेल्या भावाला दवाखान्यात न्यायची काही गरज नाही.

हे मत आधी पूर्ण मांडतो, त्याच्या समर्थकांना तक्रारीला जागा राहणार नाही असं. आमचं दुःख आर्थिक आहे, मानसिक नाही. कर्ज फिटलं, मालाला भाव आला, पाऊस वेळेवर पडला की डोकं आपोआप ताळ्यावर येतं. नैराश्य, चिंताविकार ही पोट भरलेल्यांची खुळं, पुण्या-मुंबईत निघालेली. आशाताई नऊ प्रश्नांचा कागद घेऊन येते आणि त्यावरून माणूस आजारी ठरतो, ही थट्टा आहे; ना रक्त तपासलं, ना फोटो काढला. मग कोणीतरी समोर बसून गप्पा मारतं, त्याला उपचार म्हणायचं. गप्पाच मारायच्या तर गावात पार आहे. वाडवडिलांनी दुष्काळ काढले, प्लेग काढला, कोणी समुपदेशकाचं दार ठोठावलं नाही. शिवाय एकदा गोळी लागली की सुटत नाही आणि गावात नाव होतं ते वेगळंच. तेव्हा मन घट्ट करा आणि कामाला लागा.

वाडवडिलांचा मुद्दा सगळ्यात हलका, म्हणून आधी उरकून टाकू. वाडवडिलांनी सोसलं, हे आपल्याला सांगितलं कोणी? ज्यांनी सोसलं त्यांनी. ज्यांना सोसलं नाही ते सांगायला उरले नाहीत. प्रत्येक जुन्या घराच्या आठवणीत एक चुलत आजोबा असतात, जे एक दिवस कोणाला न सांगता निघून गेले. एक काकू असते, जिला माजघराच्या मागच्या खोलीत ठेवलेलं असे आणि पाहुणे आले की त्या खोलीचं दार ओढून घेतलं जाई. एक विहीर असते, जिचं पाणी काही वर्षं कोणी भरलं नाही. पिढ्या खंबीर होत्या, असं म्हणताना ही माणसं कोणत्या रकान्यात धरायची?

आता भावाच्या मुद्द्याकडे येऊ, कारण या साऱ्या मताचा कणा तोच आहे आणि तो सभ्य, सहृदय चेहरा घेऊन उभा असतो. भाव मिळाला पाहिजे, यात वाद नाही. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि त्या हंगामात आपल्या बाजार समित्यांत माल चार हजारांच्या आसपास गेला. यावर कितीही संतापलं तरी कमीच आहे. पण या संतापातून ‘म्हणून मानसोपचार नको’ हा निष्कर्ष निघतो कसा?

पैशाचे उपाय झाले नाहीत, असंही नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत वाशीम होता. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी झाली, २०१७ मध्ये राज्याची, २०१९ च्या अखेरीस पुन्हा राज्याची. प्रत्येक माफी अपुरी होती, त्रुटींनी भरलेली होती, मान्य. पण या काळात गावोगावच्या मयती थांबल्या नाहीत, हेही मान्य करावं लागेल. एकाच शिवारातली दहा माणसं घ्या. तीच काळी जमीन, तोच पाऊस, त्याच सोसायटीचं थकीत कर्ज, तोच व्यापारी. नऊ जण पुढच्या पेरणीला उभे राहतात, दहावा राहत नाही. का? तो नेभळट होता म्हणून? हे उत्तर देणाऱ्याने त्याच्या घरच्यांना एकदा तोंडावर द्यावं. बहुतेक वेळा त्या दहाव्याच्या बाबतीत घरच्यांना आधीचं सगळं आठवत असतं: तो तीनतीन वाजेपर्यंत अंगणात फेऱ्या मारायचा, जेवण अर्धं टाकून उठायचा, दारू वाढली होती, लग्नकार्याला जाणं बंद केलं होतं, ‘माझ्यामुळंच सगळ्याइचे हाल होऊन राह्यले’ असं घोकायचा. यातलं एकही लक्षण बँकेच्या पासबुकात दिसत नाही. कर्जाचा आकडाच सगळं ठरवतो, असं म्हणणं म्हणजे माणसाचा सातबारा करणं आहे.

आणि कर्जाने मन खचतं, एवढी अर्धीच गोष्ट आपण सांगतो. खचलेलं मन कर्ज वाढवतं, ही उरलेली अर्धी कोण सांगणार? पीकविम्याचा २०२४-२५ पर्यंतचा नियम घ्या: अतिवृष्टीने शेत पाण्याखाली गेलं तर ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यायची. ई-पीक पाहणी मुदतीत करायची. कर्जाचं पुनर्गठन हवं असेल तर कागद घेऊन बँकेत चार चकरा मारायच्या. ज्याला खाटेवरून उठून तोंड धुणं डोंगराएवढं वाटतं, तो हे सगळं मुदतीत करेल? त्याचा विमा बुडतो, पाहणी राहते, खातं थकीत पडतं. मग आपण म्हणतो, बघा, कर्जामुळे गेला. नैराश्य हे कर्जाचं अपत्य असेलही, पण ते मोठं झालं की स्वतः कर्ज काढू लागतं.

बरं, भावाचं औषध सगळ्यांना कसं लागू करायचं, हेही या मंडळींनी सांगावं. बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात ओक्साबोक्शी रडणाऱ्या, बाळाला जवळ घ्यायला घाबरणाऱ्या ओल्या बाळंतिणीला कोणता हमीभाव द्यायचा? नीटच्या दुसऱ्या प्रयत्नात अडकलेल्या रिसोडच्या पोराला? मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरून दरवर्षी कामासाठी परगावी जाणाऱ्या जोडप्याला, ज्यांच्याकडे विकायला सोयाबीनच नाही? नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतं, हे जगभर दिसून आलं आहे. आपल्याकडे त्या स्त्रीच्या नावावर बहुतेकदा सातबाराच नसतो, त्यामुळे ती मेली तरी ‘शेतकरी आत्महत्या’ या शब्दांत सहसा बसत नाही, आणि जिवंत असताना ‘समुपदेशन नको, भाव द्या’ या घोषणेतही बसत नाही.

इथे एक अडचण मात्र खरी आहे. २००६ पासून आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते, पण त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. जमिनीचा कागद हवा, कर्ज अधिकृत हवं, परतफेडीचा तगादा हवा. आजारपण, व्यसन, घरातलं भांडण असं काही कागदावर आलं की प्रकरण अपात्रतेकडे झुकतं. म्हणजे शासनाच्या दफ्तरात शेतकऱ्याच्या मनाला जागा मिळते ती मेल्यानंतर, आणि तीही मदत नाकारण्याचं कारण म्हणून. मग घरचे आजार लपवतात, यात नवल काय? चळवळीतली माणसं ‘मानसिक’ हा शब्द ऐकला की बिथरतात, त्यामागे हा अनुभव आहे. पण यावर उपाय कोणता? कर्ज आणि आजार एकाच माणसाला असू शकतात, हे समितीला मान्य करायला लावणं. आपण निवडला तो उपाय भलताच: आजार नावाची गोष्टच नाही, असं जाहीर करून टाकलं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात काय घडलं, ते या वक्त्यांनी कधी सभेत सांगितल्याचं ऐकिवात नाही. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प तिथल्या ३० गावांत १८ महिने चालला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर बोलणं, समुपदेशन, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणं, असं त्याचं स्वरूप. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेले लोक सुरुवातीला ४.३ टक्के होते, नंतर २७.२ टक्के झाले. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं, आणि वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे आणि ती धरून चालू. तरीही विचारतो, त्या १८ महिन्यांत अमरावतीच्या कपाशीला असा कोणता भाव मिळाला होता?

आता त्या नऊ प्रश्नांच्या कागदाकडे वळू. त्याची टिंगल करणं फार सोपं आहे, कारण तो दिसतो फार साधा. त्याचं नाव पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? उदास वाटलं? झोप लागली नाही किंवा अति लागली? थकवा, भूक, स्वतःबद्दल अपराधीपणा, लक्ष न लागणं, हालचाली मंदावणं किंवा जिवाची तगमग, आणि शेवटचा प्रश्न, मेलेलं बरं असं वाटणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे नीट तपासणी करावी. इथे ‘पुढे तपासणी करावी’ हे शब्द टिंगल करणारा हमखास गाळतो. कागद माणसाला आजारी ठरवत नाही. कोणाला डॉक्टरसमोर बसवायचं, एवढंच तो सुचवतो. निदान डॉक्टर करतो, समोर बसून, घरच्यांशी बोलून, आणि हो, रक्त तपासूनही. थायरॉइड मंदावला असेल, रक्त कमी असेल, बी-१२ घसरलं असेल तर माणूस तसाच मलूल दिसतो, म्हणून ते आधी बघावं लागतं. उदासी आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या आजारात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर उन्माद भडकू शकतो, म्हणून मागचा इतिहास खोदून विचारावा लागतो. त्याच आजारावर दिलं जाणारं लिथियम तर रक्तातली पातळी मोजत मोजतच द्यावं लागतं. ‘रक्त तपासत नाहीत’ म्हणणाऱ्याने मानसोपचाराच्या खोलीत पाऊल ठेवलेलं नाही, एवढंच यातून सिद्ध होतं.

आपला शेतकरी खत टाकण्याआधी जमिनीचे नमुने काढून माती परीक्षणाला पाठवतो, आणि आरोग्यपत्रिकेवर नत्र कमी, जस्त कमी असं आलं की ते मानतो. मातीला एवढा मान आहे. ती कसणाऱ्याला नऊ प्रश्न विचारले तर मात्र तो अपमान!

मन मोजण्याची कल्पना परकी आहे, हा गैरसमजही जाऊ द्या. डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं ते १९३० च्या दशकात. वाशीम जिल्हाच काय, महाराष्ट्र राज्यही तेव्हा नव्हतं. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरली जाते. आणि मोजमापाचा तिटकारा असलेला हाच समाज पोराच्या दहा बोटांचे ठसे घेऊन तो डॉक्टर होईल की कलेक्टर, हे सांगणाऱ्या दुकानात हजारो रुपये मोजून येतो. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या त्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय मानसोपचार संघटनेने स्पष्ट म्हटलेलं आहे. तिथे कोणी विचारत नाही, ‘कागदावरून कसं काय कळते बाप्पा?’

खरं म्हणजे गाव स्वतःच रोज निदान करत असतं. पोरगी लग्नाला नाही म्हणते, तिच्या डोक्यात फरक आहे. माणूस गप्प राहतो, त्याला बाहेरचं लागलंय. कोणी रात्री एकटा फिरतो, तो येडा. हे निदान फुकट मिळतं, पाच मिनिटांत होतं आणि जन्मभर पुसलं जात नाही. शास्त्रीय तपासणी त्यापेक्षा कितीतरी कंजूष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम सांगतं की आजार ठरवायचा तो देशात किंवा जगात मान्य असलेल्या वैद्यकीय निकषांवरच. कोणी समाजाच्या चालीरीती, नीतिकल्पना किंवा धर्मश्रद्धा मानत नाही, म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे ज्या निदानाला आपण भितो, तेच आपल्याला गावाच्या निदानापासून वाचवू शकतं. आणि ज्याला आजार आहेच, त्याला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं तेही मोजमापानंतरच; ४० टक्क्यांचा आकडा कोणाच्या दयेतून येत नाही.

नववा प्रश्न विचारला तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीतीही ऐकू येते. तसं होत नाही, हे या विषयावरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट विचारणारा भेटला की सांगणाऱ्याचा जीव हलका होतो. ‘सांगितलं तर पोलीस येतील’ ही धास्तीही जुनी झाली. त्याच २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम असं गृहीत धरतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. ‘ज्याले मरायचं तो मरतेच’ हे तर शुद्ध खोटं. श्रीलंकेने सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्येचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. ती वेळ टळली की माणूस बहुतेकदा जगतो. फवारणीचं औषध कुलपात ठेवणं आणि त्या रात्री सोबत बसणं, या दोन्ही गोष्टींनी जीव वाचतात.

‘गप्पाच मारायच्या तर पार आहे’ असं म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. पारावर बसून आजवर कोणी असं म्हणाल्याचं तुम्ही ऐकलंय का, की मला रोज पहाटे चारला जाग येते आणि जगूच नये असं वाटतं? आणि म्हणालाच एखादा, तर त्याला उत्तर काय मिळेल? ‘काहून सुतकी तोंड करून बसला बे? चाल, एकेक क्वार्टर घेऊ.’ पारावर राजकारण होतं, सोयऱ्यांची निंदा होते, पावसाचा अंदाज होतो. स्वतःच्या मनाबद्दल खरं बोलण्याची ती जागा कधीच नव्हती. बायकांना तर तिथे बसायलाही मिळत नाही.

समुपदेशनात चालतं ते काय, हे गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली दाखवून दिलेलं आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला नेहमीची, पण थोडी सुधारलेली सेवा. दुसऱ्याला तीच सेवा आणि सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन. देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. काही आठवडे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती. ती उपदेश करत नव्हती. उदास माणूस एकेक काम सोडत जातो, काम सोडलं की आणखी उदास होतो, हा फेरा त्याला त्याच्याच दिवसाच्या नोंदीतून दाखवायचा. मग या आठवड्यात कोणतं एक लहान काम पुन्हा सुरू करता येईल ते त्याच्याकडूनच ठरवून घ्यायचं: गोठ्यात जाणं, मुलीचा अभ्यास घेणं, मित्राला फोन करणं. पुढच्या बैठकीत विचारायचं, झालं का? नसेल तर आडवं काय आलं? त्यावर तोडगा काढायचा. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. पारावरच्या गप्पांचा असा हिशोब कोणाकडे असेल तर त्याने जरूर मांडावा.

हरारे शहरातल्या दवाखान्यांच्या आवारात तर चक्क बाक टाकलेले असतात आणि त्यावर प्रशिक्षण घेतलेल्या आज्या बसतात. झिम्बाब्वे हा काही पोट भरलेल्यांचा देश नाही. त्या बाकांचा परिणामही २०१६ मध्ये तुलना करून तपासला गेला आणि तो चांगला निघाला. बाक त्या देशाला परवडतो. आपल्याला परवडत नाही का?

गोळ्यांच्या सवयीबद्दल थोडक्यात. सवय लावणाऱ्या गोळ्या असतात, ही गोष्ट खरी. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि शांततेच्या गोळ्या त्यातल्या. गंमत अशी की मानसोपचारतज्ज्ञाला भिणारे लोक नेमक्या त्याच गोळ्या मेडिकलवाल्याच्या ओळखीने चिठ्ठीशिवाय आणतात आणि वर्षानुवर्षं खातात. नैराश्यावरची औषधं वेगळी. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची नशा होत नाही, ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू बंद करता येतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून दिलेल्या गोळीवर ‘सुटत नाही’ असा आरोप करणं जरा जास्तच झालं.

देवाधर्माशी माझं भांडण नाही. पोहरादेवीला किंवा कारंज्याच्या गुरुमंदिरात बसून कोणाला शांत वाटत असेल तर त्याने खुशाल बसावं आणि गोळीही घ्यावी; दोन्हींचं एकमेकांशी वैर नाही. भांडण आहे ते साखळीशी, चाबकाशी, मिरचीच्या धुरीशी. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली २८ माणसं जागची हलू न शकल्यामुळे जळून गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं आणि मारणं गुन्हा ठरवलं. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळदंडात ठेवण्यास मनाई केली. नाव होईल म्हणून दवाखाना टाळायचा आणि देवरुषाकडे मात्र जीपभर माणसं घेऊन दिवसाढवळ्या जायचं, हे कोणत्या अब्रूचं रक्षण आहे?

आणि या सगळ्या मताचा फायदा कोणाला होतो, ते बघा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. राज्याने २०१५ मध्ये चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. वाशीम त्यात आहे, आणि आशाताईंच्या हातातला कागद तिथूनच आला. २०१७ च्या कायद्याचं १८ वं कलम प्रत्येक माणसाला सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देतं. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, दिवसरात्र, मराठीतही. २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. कागदावर एवढं सगळं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांतले ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना आढळले होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली स्थिती फार निराळी असेल असं मानायला कारण दिसत नाही. कागद आणि माणूस यांच्यामधलं हे अंतर कोणी भरून काढायचं? अर्थात शासनाने. आणि शासनाला त्याचा जाब कोणी विचारायचा? आपण. पण आपण तर सभेत हात उंचावून सांगतोय की आम्हाला हे नकोच आहे! शासनाला इतका स्वस्त वकील कुठे मिळेल? भाव ते देत नाही, समुपदेशकही देत नाही. फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल आता त्याला कोणी विचारतही नाही. ‘हे की ते’ अशी निवड शेतकऱ्यापुढे ठेवणाऱ्याने त्याच्या वतीने अर्धा हक्क आधीच सोडून दिलेला असतो. सोयाबीनला भावही हवा आणि मालेगावच्या, मंगरूळपीरच्या, मानोऱ्याच्या माणसाला एका दिवसाची मजुरी न बुडवता गाठता येईल एवढ्या अंतरावर मनाचा डॉक्टर आणि समुपदेशकही हवा. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात, एकाच सहीने जाऊ शकतात.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत हमीभावाचा ठराव झाला की लगेच दुसरा विषय घ्या. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशक कोणत्या वारी बसतो, गेल्या वर्षी आशाताईंनी भरलेल्या कागदांतून किती जणांना पुढे पाठवलं, त्यांतले किती डॉक्टरपर्यंत पोचले आणि त्यांची औषधं केंद्रात शिल्लक आहेत का, हे चार प्रश्न वैद्यकीय अधिकाऱ्याला विचारा. उत्तर लेखी मागा.